कियांतीच्या वेलीची साठ वर्षे

1960च्या दशकात इटलीच्या टस्कनीतल्या कियांती टेकड्यांच्या रेड वाइनची बाटली जगभर ओळखली जायची ती तिच्याभोवती विणलेल्या गवताच्या टोपलीमुळे. वाइन संपली की रिकाम्या बाटलीत मेणबत्ती खोचून ती खाणावळीच्या टेबलावर ठेवत. आतल्या वाइनचे नाव मात्र फारसे कोणी आदराने घेत नसे. आज त्याच टेकड्यांवरची रेड वाइन जाणकार वर्षानुवर्षे जपून ठेवतात. मधल्या काळात जे घडले त्याच्या केंद्रस्थानी द्राक्षाचा एकच वाण आहे, सांजोवेझे.

फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या या टेकड्यांवर शतकानुशतके शेती बटईने चालायची. जमीन मालकाची, घाम कुळाचा आणि पीक निम्मे-निम्मे. एकाच पिकावर घर चालत नसल्याने कूळ द्राक्षाचा वेल झाडावर चढवी, शेजारी ऑलिव्ह लावी आणि मधल्या पट्ट्यात गहू पेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण शहरांकडे निघाले, गावे ओस पडली आणि 1964 मध्ये कायद्याने नवे बटई करार बंद केले. मोकळ्या झालेल्या उतारांवर घाईघाईने सलग द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्या लावताना वजन किती भरेल हे पाहिले गेले, चवीचा विचार मागे पडला.

त्यात कायद्याने भर घातली. इटलीने 1963 मध्ये वाइनच्या प्रादेशिक मानांकनाचा कायदा केला आणि 1967 मध्ये कियांतीला त्याखाली मान्यता मिळाली. पण या रेड वाइनमध्ये 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे त्या नियमांनी सक्तीचे केले!

या मिश्रणामागे नाव होते बेत्तिनो रिकासोली यांचे. एकसंध इटलीचे हे दुसरे पंतप्रधान कियांतीतल्या ब्रोलियो किल्ल्याचे मालक होते आणि तिथे त्यांनी वर्षानुवर्षे द्राक्षांच्या जातींवर प्रयोग केले. 1872 च्या पत्रात त्यांनी निष्कर्ष मांडला: सुगंध आणि जोम सांजोवेझेचा, मऊपणा कानायोलोचा आणि पांढरी मालवाझिया हवी ती लवकर प्यायच्या वाइनला. ठेवणीतल्या वाइनमध्ये ती नको, हेही त्यांनी सांगितले होते. नियम करणाऱ्यांनी त्यांचे सूत्र उचलले आणि नेमका हा इशारा सोडून दिला. शिवाय त्रेब्बियानो या भरघोस पिकणाऱ्या पण बेचव पांढऱ्या वाणालाही दार उघडले.

बंड झाले ते जुन्या घराण्यांतूनच. समुद्राजवळच्या बोल्गेरीत मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी 1940च्या दशकात काबेर्ने हा फ्रेंच वाण लावला होता. त्यांची सास्सिकाया ही वाइन 1968 च्या हंगामापासून बाजारात आली. त्यांच्या पत्नीच्या बहिणीचा मुलगा पिएरो अंतिनोरी याने जाकोमो ताकिस या वाइनतज्ज्ञाच्या साथीने 1971 मध्ये तिन्यानेल्लो ही वाइन केली. काही वर्षांतच तिच्यातून पांढरी द्राक्षे पूर्ण गेली, सांजोवेझेला काबेर्नेची जोड मिळाली आणि मुरवण लहान फ्रेंच पिंपांत होऊ लागली. मानांकनाच्या नियमांत न बसल्यामुळे दोन्हींवर ‘टेबल वाइन’ हा सर्वांत खालचा शिक्का बसला. 1978 मध्ये लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाच्या चाचणीत 1972 ची सास्सिकाया जगभरच्या काबेर्ने वाइनमध्ये पहिली आली.

माझ्या मते त्याहून धीट पाऊल कियांतीतल्या मोंतेवेर्तीने बागेच्या सेर्जो मानेत्ती यांचे. 1977 मध्ये त्यांनी फक्त सांजोवेझेची ‘ले पेर्गोले तोर्ते’ बनवली. फ्रेंच वाणाचा आधार न घेता गावच्या वेलीवर भरवसा ठेवणारे तेव्हा थोडेच होते.

वायव्य इटलीतल्या पिएमोंतेतही अशीच ठिणगी उडाली. तिथल्या नेब्बिओलो द्राक्षाची बारोलो पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या जुन्या पिंपांत मुरत असे. 1983 मध्ये एलिओ अल्तारे याने वडिलांची पिंपे यांत्रिक करवतीने कापली आणि वडिलांनी त्याला वारसा नाकारला. बार्तोलो मास्कारेल्लो यांनी मात्र मोठी पिंपे अखेरपर्यंत सोडली नाहीत. लहान की मोठ्या पिंपांच्या या वादात दोन्ही बाजूंना आपल्या वाणाचीच काळजी होती.

1986 च्या वसंतात इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसच्या आसपास माणसे दगावली. अनेकांची दृष्टी गेली, निर्यात कोसळली. स्वस्त आणि मुबलक या धोरणाची ही किंमत सामान्य माणसांनी मोजली. 1992 मध्ये कायदा नव्याने लिहिला गेला. त्यात प्रादेशिक वाइनचा वेगळा वर्ग आला आणि बंडखोरांना कागदोपत्री जागा मिळाली. दरम्यान कियांती क्लासिको या कियांतीच्या मूळ भागाच्या उत्पादक संघाने सांजोवेझेचे सरस वेल निवडून पारखण्याचे दीर्घ काम हाती घेतले होते. 1996 मध्ये तिथे शंभर टक्के सांजोवेझेला परवानगी मिळाली, 2006 पासून पांढरी द्राक्षे बंद झाली.

या वेलीची एक फांदी महाराष्ट्रातही आली आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’च्या बागा टस्कनीच्या पिएरो मासी या वाइनतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिल्या. त्यांच्या ‘सेत्ते’ वाइनमध्ये सांजोवेझे आणि काबेर्ने आहेत, म्हणजे तिन्यानेल्लोचीच जोडी.

खुद्द कियांती क्लासिकोने मात्र पुढचे पाऊल टाकले आहे. ‘ग्रान सेलेत्सिओने’ या तिथल्या सर्वोच्च दर्जासाठी किमान 90 टक्के सांजोवेझेचा नियम संघाने ठरवला आहे. उरलेल्या दहा टक्क्यांत चालतील ती फक्त स्थानिक तांबडी द्राक्षे. काबेर्नेला या नियमात जागा नाही.