चहातला न सुटणारा उंचवटा

काळ्या चहाचा अर्क यंत्रात सोडला की पडद्यावर उमटणारी रेघ सुरुवातीला अगदी शहाण्यासारखी वागते. गॅलिक आम्लाचे छोटे टोक येऊन जाते, मागून कॅफीनचा उंच, अरुंद सुळका येतो. सुळका संपला की रेघ पुन्हा तळाला टेकते. पुढे मात्र ती टेकायचे नाव घेत नाही. हळूहळू चढते, बराच वेळ वरच रेंगाळते आणि लांबट उतार घेत खाली येते. या फुगवट्याच्या अंगावर थीफ्लॅविनची चार बारीक टोके उभी असतात. प्रयोगशाळेत त्या फुगवट्याला ‘हंप’ म्हणतात. आपल्या चहाचा तांबूस-तपकिरी रंग आणि तोंडात जाणवणारा भरीवपणा बराचसा या हंपमध्ये असतो, आणि नेमका तोच भाग सुटा होत नाही.

चहाची प्रत यंत्राला कळते का, एवढे बघून या, असे संपादकांनी सांगितले होते. त्यासाठी पुण्यातल्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत गेलो. तिथे निर्यातीला जाणारा ग्रीन टीचा अर्क येतो, पुड्यातला चहा येतो, कधी एखाद्या मळ्याचा नमुनाही येतो. या सगळ्याचे मोजमाप ज्यांच्या हाताखाली होते त्यांना तिथली सारी मुले ताई म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

यंत्राचे पूर्ण नाव हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी; बोलताना फक्त एचपीएलसी. वर द्रावकाच्या बाटल्या, खाली पंप, मग नमुन्याच्या इवल्या व्हायल्स ठेवायचा ट्रे, कॉलमची भट्टी आणि शेवटी डिटेक्टर. खरे काम होते ते कॉलममध्ये. वीतभराहून थोडी लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद अशी ही पोलादी नळी सिलिकाच्या ५ मायक्रॉन जाडीच्या कणांनी ठासून भरलेली असते. एवढ्या बारीक भुकटीतून मिनिटाला १ मिलिलिटर द्रव ढकलायचा तर पंपाला दीडशे-दोनशे बार जोर लावावा लागतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट. ताईंची नजर सतत त्या दाबाच्या आकड्यावर असते. तो चढू लागला की कुठेतरी कचरा अडकतो आहे, आणि थरथरू लागला की पंपात हवेचा बुडबुडा शिरला आहे.

सिलिकाच्या प्रत्येक कणावर फिनाइल गटांचा थर चिकटवलेला असतो. चहातल्या कॅटेचिन नावाच्या पदार्थांच्या रेणूंत तशीच बेंझीनची कडी असतात, त्यामुळे त्यांना या थराजवळ थांबावेसे वाटते. वाहते द्रावक त्यांना पुढे ओढत राहते. थरावर किती काळ आणि द्रवात किती काळ, याचे प्रत्येक रेणूचे प्रमाण निराळे. पाण्यात रमणारा गॅलिक आम्लाचा लहान रेणू सर्वांत आधी बाहेर पडतो. ज्याला गॅलेटचे जास्तीचे कडे जोडलेले आहे ते एपिकॅटेचिन गॅलेट शेवटपर्यंत रेंगाळते. द्रावकातले ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवत नेले की असे हट्टी रेणूही थर सोडतात. दारावरचा डिटेक्टर २७८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकून कोण केव्हा बाहेर पडले आणि त्याने किती प्रकाश गिळला याची नोंद ठेवतो. त्या नोंदीचा सुळका होतो, आणि सुळक्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे पदार्थाचे प्रमाण.

हे सारे यंत्र आपोआप करते. मला गुंतवून ठेवले ते त्याआधीच्या हाताच्या कामाने.

चहा दळायचा. त्यातला ०.२ ग्रॅम तोलायचा. ७० टक्के मिथेनॉल ७० अंशांना तापवून तो त्यात दहा मिनिटे ठेवायचा, मधे हलवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा अर्क काढून घ्यायचा, आणि तोच गाळ पुन्हा एकदा तसाच धुवायचा. दोन्ही अर्क एकत्र करून १० मिलिलिटर भरायचे. वाचायला हे पाककृतीइतके सरळ वाटते. पण अर्क निघाल्या क्षणापासून कॅटेचिने बिघडू लागतात: हवेतला ऑक्सिजन त्यांना खातो आणि लोहाचा अंश असला तर आणखी घाई करतो. म्हणून पातळ करण्याच्या द्रावणात ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ईडीटीए असते. पहिले स्वतः ऑक्सिजनच्या तोंडी जाते, दुसरे धातूचे अणू धरून ठेवते. एका मुलाने भरलेल्या व्हायल्स जेवणाच्या सुट्टीत तशाच टेबलावर राहिल्या होत्या. ताईंनी त्या न रागावता सिंकमध्ये ओतल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा काढ. आकडा येईल रे, पण तो चहाचा नसेल.”

सर्वांत सुंदर वाटली ती कॅफीनची युक्ती. कुठलाही पदार्थ मोजायचा तर तुलनेसाठी तो शुद्ध रूपात हाताशी लागतो. शुद्ध कॅटेचिने महाग, ओलावा ओढणारी आणि द्रावणात न टिकणारी. कॅफीन स्वस्त, शुद्ध मिळणारे आणि महिनोन्महिने जसेच्या तसे राहणारे. म्हणून आयएसओ १४५०२ या २००५च्या मानकाच्या दुसऱ्या भागात ठरवून टाकले आहे की प्रमाण रेषा कॅफीनची काढावी, आणि प्रत्येक कॅटेचिन कॅफीनच्या मानाने किती प्रकाश शोषते त्याचा ठरलेला गुणांक लावावा. ज्या रेणूची चहात सर्वाधिक बदनामी झाली आहे, त्याच्याच भरवशावर बाकी सगळ्यांचे माप ठरते!

या मापाला आज वजन आले आहे. युरोपीय संघाने २०२२ साली नियम केला की ग्रीन टीच्या अर्काच्या पूरक आहारातून दिवसाला जाणारे ईजीसीजी, म्हणजे चहातले सर्वांत मुबलक कॅटेचिन, ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे. तेवढ्या किंवा त्याहून जास्त मात्रेत यकृतावर ताण पडल्याची चिन्हे अभ्यासांत दिसली होती. मर्यादेच्या जवळचा नमुना आला की ताई तो दोनदा स्वतः तोलतात.

पद्धतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेतने विसाव्या शतकाच्या आरंभी वॉर्सात खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले. पुढे इंग्लंडमध्ये मार्टिन आणि सिंज यांनी पृथक्करणाची नवी तत्त्वे बसवली, त्यातून कागदावरची क्रोमॅटोग्राफी निघाली आणि १९५२चे नोबेल त्यांना मिळाले. जपानमध्ये मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली, कागदावरची ही पद्धत निघण्याआधीच, ग्रीन टीतून कॅटेचिन वेगळे केले. तीन वर्षांनी त्या कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या.

या इतिहासात पुण्याचाही एक धागा आहे. हॅरोल्ड मॅन हे रसायनज्ञ १९०० साली इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रीय अधिकारी म्हणून कलकत्त्याला आले. चहाचे पान चुरगळल्यावर लाल होते ते पानातल्याच विकरामुळे, यावर त्यांनी काम केले. त्यांनी रोवलेल्या पायावर १९११ साली आसामात जोरहाटजवळ टोकलाई संशोधन केंद्र उभे राहिले. तोवर मॅन पुण्याला येऊन कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. पिंपळे सौदागरच्या शेतीचा आणि कर्जाचा घरोघरी हिशेब मांडणारे १९१७चे पुस्तक त्यांचेच. मराठी वाचकाला मॅन माहीत असतात ते त्या पुस्तकामुळे. चहाच्या पानाचा आणि दख्खनी खेड्याचा हिशेब एकाच माणसाने तितक्याच आस्थेने मांडावा, याचा मला फार आदर वाटतो.

टोकलाईशीच नाते असलेल्या ई. ए. एच. रॉबर्ट्स यांनी १९५०च्या दशकात काळ्या चहाचा थेंब कागदावर ठेवला. आधी ब्युटेनॉलचे मिश्रण एका दिशेने चढू दिले, मग कागद काटकोनात फिरवून सौम्य ॲसेटिक आम्ल दुसऱ्या दिशेने. ठिपके पसरले. काहींना त्यांनी नुसती अक्षरे दिली, कारण ते काय आहेत ते कुणालाच माहीत नव्हते. त्यातले केशरी, झळझळीत ठिपके म्हणजे थीफ्लॅविन. पण कागदावर एक तपकिरी ओघळही राहिला, त्याचे ठिपके होईनात. त्या पदार्थांना रॉबर्ट्सनी थीरुबिजिन हे नाव दिले.

कागदावरचा तो ओघळ म्हणजेच आजच्या पडद्यावरचा हंप. मधल्या काळात कागद गेला, पोलादी नळी आली, दाब शेकडो बारांवर गेला, तरी त्या पदार्थाने दाद दिलेली नाही. सुक्या काळ्या चहात थीफ्लॅविन साधारण एक-दोन टक्के, तर थीरुबिजिन दहा ते वीस टक्के. थीफ्लॅविन तयार होते दोन विशिष्ट कॅटेचिनांच्या जोडणीतून. सीटीसी यंत्रात पान फाटले की विकर आणि कॅटेचिन एकत्र येतात आणि थीफ्लॅविन वाढू लागते. पण थांबवले नाही तर तेच पुढे थीरुबिजिनमध्ये विरते. म्हणजे कारखान्यातल्या काही मिनिटांवर चहाचा रंग ठरतो, आणि त्या मिनिटांत नेमके काय काय घडले ते वेगळे करून दाखवणे कॉलमला जमत नाही.

याचे कारण २०१०च्या सुमारास कळले. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये निकोलाई कुनर्ट यांच्या गटाने अतिसूक्ष्म फरक टिपणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर थीरुबिजिन तपासले. एकेका नमुन्यात हजारो वेगवेगळे रेणू निघाले. एकाच कॅटेचिन-जोडीवर ऑक्सिजनचे अणू एकेक करून चढत गेलेले, त्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जेमतेम फरक. कॉलम त्यांना एकामागून एक सोडतोच, पण सगळ्यांचे सुळके एकमेकांवर चढतात आणि त्यांचा मिळून फुगवटा होतो. हे वाचले तेव्हा मला त्या हंपबद्दल भीतीयुक्त आदर वाटला. एका कपात एवढी गर्दी असेल अशी कल्पना नव्हती.

मग अहवालांमध्ये ‘थीरुबिजिन इतके टक्के’ असा आकडा येतो तो कुठून? बहुतेक वेळा तो रॉबर्ट्स आणि स्मिथ यांनी १९६०च्या आसपास बसवलेल्या पद्धतीतून येतो. चहाचे काही भाग विशिष्ट द्रावकांत उतरवायचे, ३८० आणि ४६० नॅनोमीटरला रंग मोजायचा आणि गुणाकार करायचे. पद्धत झटपट आहे, मळ्यांना उपयोगी आहे, पण ते पृथक्करण नव्हे. ताईंचा आक्षेप पद्धतीला नाही. तो आकडा एचपीएलसीच्या आकड्यांच्या शेजारी, त्यांच्याच तोलाचा म्हणून छापायला आहे. पुड्यावरच्या ‘पॉलिफिनॉल’चेही तेच. ती बेरीज सहसा फोलिन अभिकारकाच्या निळ्या रंगावरून काढतात, आणि तो रंग क जीवनसत्त्वामुळेही गडद होतो. शिवाय प्रयोगशाळेतले मिथेनॉल पान जेवढे निचोडते तेवढे आपल्या चुलीवरचे पाणी निचोडत नाही. कोरड्या पानातला आकडा वाचून तेवढे कपात उतरले असे समजणारा ग्राहक फसतो, आणि त्याला सावध करणारी ओळ पुड्यावर क्वचितच सापडते.

प्रतीचा प्रश्न तर याहून अवघड. १९७२ साली मलावीतल्या चहावर हिल्टन आणि एलिस यांनी दाखवले की थीफ्लॅविन जास्त तिथे लिलावात भावही जास्त. मोठी आशा निर्माण झाली. पण सगळ्या मुलखांतला चहा त्या सूत्रात बसला नाही. चारही थीफ्लॅविनांचा तुरटपणा सारखा नसतो, हे एक कारण. दोन गॅलेट असलेले थीफ्लॅविन साध्यापेक्षा सहापटीहून अधिक तुरट धरले जाते, म्हणून पुढे चौघांना निरनिराळे वजन देऊन बेरीज करणे सुरू झाले. सुगंधाचे रेणू तर या यंत्रात दिसतच नाहीत, त्यांना गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. लिलावाआधी घोट घेऊन थुंकणारा टेस्टर अजून टिकून आहे, आणि माझ्या मते तो टिकावा. त्याच्या जिभेवर हंप एकसंध पोहोचतो.

मी निघायच्या बेतात असताना एका चहाविक्रेत्याचा फोन आला. त्याला आपल्या मसाला चहातले कॅटेचिन मोजून हवे होते, बाहेर पाटीवर लिहायला. ताईंनी त्याला शांतपणे समजावले. दुधातले केसीन कॅटेचिनांना धरून बसते. दूध तसेच यंत्रात घातले तर कॉलम तुंबतो, म्हणून आधी आम्लाने केसीन खाली बसवावे लागते, आणि धरलेली कॅटेचिनेही त्याच्याबरोबर खाली जातात. उरलेले मोजले तर आकडा कमी येतो. बांधलेले सोडवून मोजले तर जास्त येतो. पलीकडून आग्रह चालूच होता. “तुम्ही बिनदुधाचा काढा पाठवा, तो मोजून देते,” ताई म्हणाल्या. “दूध किती घालता ते अहवालात वेगळे लिहीन. दोन्हींचा मिळून एक आकडा मात्र माझ्या सहीने मिळणार नाही.”