नवे फुफ्फुस आणि शरीराचा नकार

सीबीडी बेलापूर येथे पारसिक हिल रस्त्यावर २०१६ साली अपोलो इस्पितळ सुरू झाले आणि अवयव प्रत्यारोपण हा विषय नवी मुंबईकरांच्या घराजवळ आला. मूत्रपिंड व यकृत यांच्या प्रत्यारोपणाविषयी आता पुष्कळांना माहिती असते; फुफ्फुसाविषयी मात्र फारच थोड्यांना. आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता नातेवाईक आम्हांस विचारतात, ‘‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली, मग ही औषधे अजून किती दिवस?’’ उत्तर आहे, आयुष्यभर. ते ऐकून चेहरे उतरतात. म्हणून त्यामागील कारण थोडे विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या बहुतेक पेशींवर ‘एचएलए’ नावाच्या प्रथिनांची ओळखखूण असते. रक्तातील पांढऱ्या पेशी ही खूण तपासतात आणि परकी आढळल्यास हल्ला चढवतात. जंतूंपासून आपले रक्षण करणारी हीच व्यवस्था दात्याच्या अवयवालाही शत्रू समजते. यालाच अस्वीकार म्हणतात. रक्तगट जुळला म्हणजे झाले, असा अनेकांचा समज असतो. तो अपुरा आहे. पूर्वी रक्त चढवलेल्या व्यक्तीच्या अथवा बाळंतपण झालेल्या स्त्रीच्या रक्तात परक्या एचएलएविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीपासूनच असू शकतात. त्यांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी लागते.

फुफ्फुसाचे दुखणे इतर अवयवांहून वेगळे आहे. मूत्रपिंड पोटात बंदिस्त असते. फुफ्फुस मात्र प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरच्या हवेला सामोरे जाते. बांधकामाची धूळ, पावसाळ्यात भिंतींवर धरणारी बुरशी, सर्दीचे विषाणू हे सारे थेट आत पोहोचते. त्यामुळे तेथील पहारेकरी पेशी सदैव जाग्या असतात आणि साध्या संसर्गानेही अस्वीकाराला चालना मिळू शकते. औषधे कमी पडली तर अस्वीकार, जास्त झाली तर संसर्ग, अशा अरुंद वाटेवरून रुग्णाला चालावे लागते.

ही वाट सापडण्यास वीस वर्षे लागली. डॉ. जेम्स हार्डी यांनी ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात मानवी फुफ्फुसाचे पहिले प्रत्यारोपण केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी हृदय प्रत्यारोपण केले होते, एवढे धाडस त्या काळी मुंबईतही होते. परंतु फुफ्फुसाच्या बाबतीत जगभर अपयशच येत राहिले. अडचण श्वासनलिकेच्या सांध्यात होती. तेथे रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. त्यात अस्वीकार रोखण्यासाठी स्टेरॉइडचे मोठे डोस दिले की सांधा भरून येत नसे. म्हणजे फुफ्फुस वाचवणारे औषधच टाके उसवत होते! पुढे नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि स्टेरॉइड कमी करणे शक्य झाले. १९८३ साली टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांनी केलेल्या प्रत्यारोपणानंतर रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला.

आज बहुतेक ठिकाणी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व प्रेडनिसोलोन ही तीन औषधे एकत्र दिली जातात. टॅक्रोलिमसही मातीतूनच आले, जपानमधील त्सुकुबा येथील. तरीही पहिल्या वर्षात साधारण चौघांपैकी एकाला तीव्र अस्वीकाराचा झटका येतो. तो वेळीच ओळखला तर शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने बहुधा आटोक्यात येतो. खरी चिंता जुनाट अस्वीकाराची. त्यात बारीक श्वासनलिका हळूहळू व्रणाने बुजत जातात. पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांना तो गाठतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या औषधाने काहींचा ऱ्हास थोपवता येतो, पण गेलेली क्षमता सहसा परत येत नाही. म्हणूनच घरी स्पायरोमीटरमध्ये नियमित फुंकून आकडा वहीत लिहिणे हे कंटाळवाणे काम फार मोलाचे आहे. आकडा दहा टक्क्यांनी घसरला, तर दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

मग औषधांशिवाय भागणारच नाही का? श्वासनलिकेबाबत एक आशादायक प्रयोग बेल्जियममधील लूव्हेन येथे डॉ. पियेर डेलार यांनी केला. दात्याची श्वासनलिका त्यांनी प्रथम रुग्णाच्या हाताच्या कातडीखाली काही महिने ठेवली. तेथे रुग्णाच्याच रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या, आतील अस्तरही रुग्णाच्या पेशींचे झाले, आणि पुढे अस्वीकाराविरुद्धची औषधे थांबवता आली. २०१० साली हे प्रसिद्ध झाले. याउलट, प्लॅस्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूळपेशी पेरून अस्वीकाराचा प्रश्नच मिटवल्याचा दावा पाओलो माकियारिनी यांनी स्टॉकहोममध्ये केला होता. त्यांचे बहुतेक रुग्ण दगावले आणि २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. फुफ्फुस मात्र हाताच्या कातडीखाली मुरवता येत नाही. त्यासाठी तूर्त गोळ्याच.

या गोळ्यांचे काही शत्रू आपल्या घरातच असतात. पपनस खाल्ल्याने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढू शकते. गणपतीच्या दिवसांत हे फळ घरोघरी येते, तेव्हा रुग्णापुढे ते ठेवू नये. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही पातळी झपाट्याने खाली आणते, तर बुरशीवरील कित्येक औषधे ती वर नेतात. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही. तेव्हा कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी प्रत्यारोपण झाल्याचे आधी सांगावे. गल्लीतील औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

रक्ततपासणीच्या दिवसाबद्दलही घोटाळा होतो. टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यायचे असते आणि पातळी मोजायची ती सकाळच्या गोळीपूर्वी. बेलापूरहून लोकल पकडून, कुर्ल्याला गाडी बदलून परळला तपासणीसाठी जाणारा रुग्ण सवयीने घरीच गोळी घेऊन निघाला, तर अहवाल चुकीचा येतो आणि त्यावरून डोसही चुकीचा ठरू शकतो. गोळी खिशात ठेवावी, रक्त देऊन झाले की तेथेच पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्याची वेळ वहीत टिपावी.