मालवणची मुलं पुढे कुठे जातात?

रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1837 मध्ये मालवणात जन्मले. वडील मामलेदार कचेरीत कारकून. 1847 मध्ये त्यांची रत्नागिरीला बदली झाली, आणि रत्नागिरीत सरकारी इंग्रजी शाळा होती. त्या शाळेतून मुलगा 1853 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पोचला, 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत आला आणि 1893 मध्ये त्याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. बुद्धी भांडारकरांची स्वतःची होती, पण बदलीचा हुकूम हा निव्वळ योगायोग. त्यांच्या बरोबरीची जी मुलं मालवणातच राहिली, त्यांचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आजच्या मुलांचं तरी कोण लिहून ठेवतं?

हा प्रश्न मालवणच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात विचारायला हवा, कारण इथे शाळेचं अपयश दाखवता येत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं कोकण विभागीय मंडळ 2012 मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून निकालात ते राज्यात पहिलं येत राहिलं आहे. 2024 मध्ये बारावीचा कोकणचा निकाल 97.51 टक्के होता, राज्याचा 93.37. 2025 मध्ये राज्य 91.88 वर आलं तेव्हाही कोकण 96.74 वर होतं. दरवर्षी त्याच मथळ्याची बातमी येते, पेढे वाटले जातात, शाळांच्या दारात अभिनंदनाचे फलक लागतात. मग जून उजाडतो आणि त्या यादीतली नावं पांगतात. कुणी मुंबईला मामाकडे, कुणी गोव्यात हॉटेलच्या नोकरीवर, कुणी घरातच. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर उतरली. माणसं बाहेर जातात हे जनगणनेत दिसतं. त्यातली किती शिकायला गेली आणि किती शिक्षण सोडून गेली, हे मात्र तिच्यात सहजी सापडत नाही.

उच्च शिक्षणाचं देशव्यापी सर्वेक्षणही इथे अपुरं पडतं. 2010-11 पासून होणाऱ्या या पाहणीत 18 ते 23 वयोगटातल्या लोकसंख्येशी पटसंख्येचं प्रमाण काढतात. 2021-22 मध्ये देशाचं प्रमाण 28.4 आलं, महाराष्ट्राचं 35.3. पण पाहणीतली माहिती महाविद्यालयांकडून येते. मालवणजवळच्या देवबागची मुलगी ठाण्याच्या कॉलेजात गेली, तर ती ठाण्याच्या पटावर मोजली जाणार. बाहेर जाऊनच शिकणाऱ्या जिल्ह्याला असा आकडा नेहमी कमी लेखतो, आणि घरी बसलेल्या मुलांविषयी तर तो काहीच सांगत नाही.

विद्यापीठ इथवर पोचतच नाही, असं नाही. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत आहे. मालवण ते मुंबई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास असलं, तरी सावंतवाडीत विद्यापीठाचा उपपरिसर आहे. मालवणला स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, कुडाळला संत राऊळ महाराज, सावंतवाडीला श्री पंचम खेमराज, वेंगुर्ल्याला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर अशी जुनी महाविद्यालयं आहेत. 1969 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आहे, वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर घेऊन. विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग आहे, त्याच्या उपक्रमांत करिअर प्रकल्पही आहे. पोरं गावात जातात, सर्वेक्षणं करतात, पथनाट्यं बसवतात, आणि हे काम मनापासून करणारे प्राध्यापक जिल्ह्यात आहेत. त्यांच्या कष्टाला उणं लेखण्याचं काही कारण नाही.

उणीव आहे ती या उपक्रमांच्या अहवालात. शिबिर किती दिवसांचं, स्वयंसेवक किती, झाडं किती लावली, व्याख्यानाला किती जण बसले हे त्यात लिहिलेलं असतं. व्याख्यान ऐकणारी नववीतली मुलगी चार वर्षांनी कुठल्या वर्गात होती, याला रकानाच नसतो. कार्यक्रम मोजला जातो, मूल मोजलं जात नाही. सिंधुदुर्गातल्या सगळ्या विस्तारकार्याचं घोडं इथे अडलं आहे.

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा वाडीच्या मंडळाचा गुणगौरव समारंभ होतो. देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली, टेबलावर वह्यांचे गठ्ठे आणि शाली. नाव पुकारलं की मूल पुढे येतं, वाकून नमस्कार करतं, पाकीट घेतं. कुणीतरी काकी मायेने विचारते, ‘आता फुडे काय करतलंस?’ उत्तर येईपर्यंत पुढचं नाव पुकारलेलं असतं. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या असा आधार दिला आहे, आणि विद्यापीठाच्या कुठल्याही विभागापेक्षा हे लोक त्या घरांच्या जास्त जवळ आहेत. काकीचा प्रश्न अगदी योग्य आहे. तो पुढच्या चतुर्थीला त्याच मुलाला पुन्हा विचारायला हवा, आणि उत्तर वहीत लिहायला हवं.

मासेमारी करणाऱ्या घरात हे उत्तर बऱ्याचदा कॅलेंडरवर ठरतं. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, हातात रोकड नाही. आणि प्रवेशाची सारी धावपळ नेमकी याच दोन महिन्यांतली! उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता, प्रत्येकासाठी सेतू किंवा तहसील, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणारी एसटी. फी, गाडीभाडं, खोलीची अनामत, सगळं एकदम समोर येतं. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण ती महाडीबीटीवरून खात्यात पडायला वेळ लागतो. हापूसच्या बागायतदाराकडे मेअखेर थोडे पैसे खेळत असतात, रापणीवर वाटा घेणाऱ्याकडे ते जूनमध्ये नसतात. मुलाची जिद्द, पालकांची समज यावर भाषणं करणाऱ्यांनी हे दोन महिने आधी पाहावेत.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय मोठा आहे. पण मालवणातून पुण्याला जाणाऱ्या मुलीसमोरचा खर्च फीवर संपत नाही, खोली आणि खाणावळ आहेच. या माफीनंतर किनाऱ्यावरच्या किती मुली अभियांत्रिकीला गेल्या आणि किती जणी मे महिन्यातच मागे वळल्या, हे कळलं तर पुढचा रुपया वसतिगृहात घालायचा की प्रवासभाड्यात, ते ठरवता येईल.

मूल पुढे कुठे गेलं हे मोजण्याचा एक उपाय इंग्लंडमध्ये झाला आहे. केंट विद्यापीठाच्या पुढाकाराने तिथे एक सामाईक नोंदव्यवस्था उभी राहिली. विद्यापीठं वर्गणी भरून तिची सभासद होतात. कुठल्या शाळेतल्या कुठल्या मुलाने कोणत्या उपक्रमात भाग घेतला, हे ती नोंदवतात आणि काही वर्षांनी ही नोंद उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय माहितीशी ताडून पाहतात. मुलांना उच्च शिक्षणाकडे वळवणारी एमहायर ही सरकारी योजना 2011 मध्ये बंद पडली, तरी नोंद ठेवण्याची सवय टिकली. तिथल्या जाणकारांना एक पेचही ठाऊक आहे. शिबिराला येणारं मूल मुळातच उत्सुक असतं, ते कदाचित शिबिराविनाही कॉलेजात गेलं असतं. म्हणून तशाच गुणांच्या, तशाच घरच्या, पण शिबिराला न आलेल्या मुलांशी तुलना केल्याशिवाय यशाचा दावा करता येत नाही.

ही शिस्त महाराष्ट्राला परकी नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये मुंबईत, नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत सुरू झालं. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात महापालिका शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या हुशार मुलांना हेरून त्यांच्याबरोबर दीर्घकाळ काम केलं आणि त्यांची प्रगती मोजली. मुलाला विज्ञान जमत नाही असं शिक्षक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा पाठ्यपुस्तकाची भाषा आडवी आलेली असते, हेही या केंद्राने सोप्या भाषेतल्या धड्यांचे प्रयोग करून दाखवलं. घरी मालवणी बोलणाऱ्या आणि पुस्तकात पुणेरी वळणाचं मराठी वाचणाऱ्या मुलांसाठी ही गोष्ट फार जवळची आहे.

अलीकडच्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ ही संस्था उभी केली. गरीब मुलांना ते नीटसाठी विनामूल्य शिकवतात, मेळघाट आणि भामरागडपर्यंत पोचतात. विदर्भातून सुरू झालेलं राजू केंद्रे यांचं एकलव्य इंडिया फाउंडेशन घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्यांना देशातल्या नामांकित संस्थांच्या प्रवेशाची तयारी करून देतं. दोन्हीकडे वाट दाखवणारे स्वतः नुकतेच त्या वाटेवरून गेलेले आहेत, आणि मूल प्रवेश घेईपर्यंत ते त्याचा हात सोडत नाहीत. एका दिवसाच्या करिअर मेळाव्याला हे साधत नाही.

सिंधुदुर्गात हे करायला नवं खातं नको. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जवळपास प्रत्येक ठिकाणी विस्तारकार्याचे तास पूर्ण करायला धडपडणारे महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. एका विद्यार्थ्याकडे दोन वर्षांसाठी नववी-दहावीची पाच मुलं सोपवावीत. पालकांची लेखी संमती घेऊन नाव, शाळा, घरचा व्यवसाय आणि दरवर्षीच्या ऑगस्टमधला पत्ता एवढंच नोंदवावं. तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला की नोंदींची वही पुढच्याकडे जावी. मुलं मुंबईत गेली तर त्यांचा ठावठिकाणा ग्रामस्थ मंडळांकडून कळेल. अपार हा नवा विद्यार्थी क्रमांक शाळेपासून कॉलेजपर्यंत एकच राहावा, असा केंद्राचा बेत आहे. तो नीट चालला तर काम हलकं होईल, पण बंदीच्या काळात घरात पैसे नव्हते म्हणून प्रवेश हुकला, हे कुठलाही क्रमांक सांगणार नाही. ते विचारायला माणूसच लागेल.

निष्कर्षाची घाई मात्र करता येणार नाही. 2025-26 मध्ये नववीत बसलेलं मूल पदवीच्या दारात 2029 च्या जूनमध्ये उभं राहील. ती मोजणी हवी असेल तर पहिली नोंद त्याच शैक्षणिक वर्षात, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडताच व्हायला हवी.