भिंतीतली पाचवी तार

गेल्या जानेवारीत शिकागोजवळ भाचीच्या घरी होतो. बाहेर उणे 18 अंश. पहाटे चारला थंडीनेच जाग आली. भिंतीवरचा नवाकोरा थर्मोस्टॅट विझला होता आणि तळघरातला बॉयलर, कसलाही बिघाड नसताना, गप्प होता. सात महिन्यांच्या बाळाला छातीशी धरून भाची उजाडण्याची वाट पाहत बसली. दुपारी कारण सापडले : भिंतीत तारा दोनच होत्या. त्याच दोन तारांवर इतकी वर्षे चाललेले घर आताच का अडावे, या प्रश्नातून मी या विषयात शिरलो.

थर्मोस्टॅट हे मुळात निरोप्याचे काम. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलचे प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांनी 1883 साली विजेवरच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्ग गार पडला की भट्टी सांभाळणाऱ्याला घंटेने कळावे, एवढाच हेतू. 1953 साली हनीवेलने बाजारात आणलेला, हेन्री ड्रेफसने घडवलेला गोल थर्मोस्टॅट याच जातीचा. आत दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी आणि पाऱ्याची नळी. गारवा वाढला की पट्टी वळे, नळी कलंडे, पारा दोन तारा जोडून देई. त्याला स्वतःसाठी वेगळी वीज लागत नसे.

अमेरिकी घरांत हा निरोप बहुधा 24 व्होल्टवर जातो. ‘आर’ तारेतून वीज येते, ‘डब्ल्यू’ तारेतून ‘ऊब हवी’ हा निरोप परततो. नव्या थर्मोस्टॅटला मात्र पडदा आहे, वायफाय आहे, म्हणजे पोटही आहे. दोनच तारा असतील तर तो त्याच वाटेवरून थोडी वीज उचलून आपली बॅटरी भरतो. पण ऊब मागताना तो या दोन तारा जोडतो आणि जोडलेल्या तारांत त्याच्यासाठी दाब जवळजवळ उरत नाही. थंडी जितकी कडक, तितका बॉयलर जास्त वेळ चालणार आणि तितका थर्मोस्टॅट उपाशी. नेमक्या गरजेच्या रात्री तो का विझला, त्याचे उत्तर हे. उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाकडून येणारी ‘सी’ तार.

म्हणून केबल निवडताना आधी तारा मोजाव्यात. नुसत्या उबेला आर, डब्ल्यू, सी या तीन पुरतात. पंख्याची ‘जी’ आणि एसीची ‘वाय’ धरून पाच होतात. हीट पंप असेल तर आठ तारांची केबल बरी. जाडीचा प्रश्न सोपा आहे. तेथील 18 गेजची तांब्याची तार म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 0.8 चौरस मिलिमीटर. बॉयलर 15 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 30 मीटर तारेचा रोध साधारण 0.6 ओहम भरतो. अर्ध्या अँपिअरला 0.3 व्होल्ट घटतो. चोवीसांत तो जाणवतही नाही.

दोन ठिकाणी हा हिशेब चालत नाही. भिंतीलगतच्या विजेच्या हीटरचा 120 किंवा 240 व्होल्टचा पूर्ण प्रवाह थर्मोस्टॅटमधूनच जातो. तिथे ही बारीक केबल म्हणजे आगीला आमंत्रण. उलट काही गॅस हीटर ज्योतीच्या उष्णतेतून मिळणाऱ्या पाऊण व्होल्टच्या आसपासच्या दाबावर चालतात. तिथे अर्धा ओहमही जड जातो. आणि रंगांवर विसंबू नये. ‘सी’ बहुधा निळी असते, पण जोडणाऱ्याच्या हाताला लागली ती तार त्याने लावलेली असू शकते. वीज बंद करून, बॉयलरकडच्या स्क्रूखाली कोणती तार आहे ते पाहावे.

भाचीकडे तीन तारा पुरल्या असत्या. आम्ही पाचांची केबल ओढली. दोन जादा तारांचा खर्च किरकोळ, भिंतीतून केबल ओढण्याचे कष्ट मात्र तेवढेच. थर्मोस्टॅट दहा-पंधरा वर्षांनी बदलेल, केबल बाळाच्या संसारापर्यंत तिथेच राहील. दोन तारा टोके गुंडाळून भिंतीत ठेवून दिल्या आहेत. त्या कशाला लागतील, हे त्याचे तो ठरवील.