बापाची गाठ, मुलाचा हप्ता

एकाच गल्ल्यावर बाप-लेक बसतात, एकाच धंद्यावर दोघांचे घर चालते. पण पैसा खर्च करण्याची दोघांची रीत निराळी झाली आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बाप म्हणतो, पोरगा उधळ्या निघाला. मुलगा म्हणतो, अब्बांच्या हातून रुपया सुटत नाही. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे.

वडीलधाऱ्यांचा हात रोजच्या खर्चात आखडता असतो. रिक्षाऐवजी पायी जायचे, चप्पल पुन्हा शिवून घ्यायची, उरलेले भिशीत टाकायचे किंवा सोन्यात गुंतवायचे. पण वर्षानुवर्षे जपलेला हाच पैसा मुलीच्या लग्नात चार दिवसांत मोकळा होतो. हॉल, दावत, दागिने, जहेज! कमी पडले तर नातेवाइकांकडून हातउसने आणि तेही पुरले नाही तर सूत खरेदीसाठी ठेवलेली रक्कम. मग हंगामात सूत उधारीवर, चढ्या भावाने घ्यावे लागते. लग्न चार दिवसांत उरकते, भांडवलाचा खड्डा मात्र वर्षे भरत नाही.

तरुणांचा खर्च बारीक असतो, पण रोजचा. पूर्वी खिसा रिकामा झाला की खर्च आपोआप थांबे. नोट मोजून देताना हात क्षणभर अडखळतो. २०१६ साली यूपीआय आले आणि तो अडखळणेही संपले. चहा, पेट्रोल, बाहेरचे जेवण, मोबाइलचा रिचार्ज हे सारे एका बोटावर होते. दुकानाचे आणि स्वतःचे खाते एकच असेल, तर कोणता रुपया नफ्याचा आणि कोणता भांडवलाचा, हेच कळेनासे होते.

मात्र तरुणांवर सरसकट ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. मालाचे फोटो, ऑर्डर, वसुली हे सारे आज मोबाइलवर चालते. तो धंद्याचे हत्यार आहे. शिवाय त्याच्या प्रत्येक खर्चाची नोंद राहते. अब्बांच्या रोख खर्चाची नोंद कुठे असते?

खरी सावधगिरी हप्त्याच्या बाबतीत हवी. ‘बिनव्याजी हप्ता’ या पाटीला अनेक जण भुलतात. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. हिशेब करून पाहा. रोखीने २२,५०० रुपयांना मिळणारा मोबाइल दरमहा २,००० च्या १२ हप्त्यांत घेतला, तर २४,००० होतात. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की आणखी २३५. म्हणजे १,७३५ रुपये जादा गेले. मुद्दल दर महिन्याला घटत जाते, हे लक्षात घेता हा दर वर्षाला सुमारे १४ टक्के पडतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी राहिली तर व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जाऊ शकते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरात ते असे मागच्या दाराने शिरते.

मग उपाय काय? बापाने लग्नखर्चाची मर्यादा तारीख ठरण्याआधी ठरवावी आणि सुताच्या पैशाला हात लावू नये. मुलाने दुकानाचे व स्वतःचे खाते वेगळे ठेवावे आणि हप्ता घेण्याआधी रोखीचा भाव विचारावा. दोघांनीही गल्ल्यातून मनाला येईल तशी उचल न करता दरमहा ठरावीक रक्कम घ्यावी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह बकराने दिली आहे. ती घरातल्या उसनवारीलाही लागू आहे.

आपल्यापैकी अनेक व्यापारी जकातीसाठी रमजानमध्ये माल, येणे आणि देणे मोजतात. त्याच बैठकीत वही उघडून बाप-लेकांनी वर्षभराचा खर्चही मोजावा. बापाचे लग्नाचे उसने आणि मुलाचे मोबाइलचे हप्ते एकाच पानावर आले, म्हणजे उधळ्या कोण, हा वाद उरणार नाही. भांडवल किती वाचवायचे, एवढाच प्रश्न उरेल आणि बरकतीची सुरुवात तिथूनच होईल.