ठरवले किती, झाले किती?

शाळेचे अंदाजपत्रक असो, गावच्या पाणीपुरवठ्याचा हिशेब असो की केंद्र सरकारचा अर्थसंकल्प, प्रत्येक ठिकाणी दोन आकडे असतात : एक ठरवलेला आणि एक प्रत्यक्षात आलेला. या दोहोंतील अंतराला तफावत म्हणतात. आर्थिक कारभार कसा चालला आहे, हे सांगणारा तो एक महत्त्वाचा निर्देशक होय. मोठ्या कार्यालयांत असे अनेक निर्देशक संगणकाच्या एकाच पडद्यावर आलेखांच्या रूपात मांडतात. त्या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी गाडीच्या पुढे जी फळी लावत, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारीत त्याच जागी वेग आणि इंधन दाखवणाऱ्या तबकड्या आल्या आणि नाव तेच राहिले.

येथे एक खुलासा करायला हवा. हिशेबातील तफावतीला इंग्रजीत 'व्हेरिअन्स' म्हणतात. संख्याशास्त्रात प्रमाण विचलनाच्या वर्गालाही हाच शब्द आहे. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. आपण येथे पाहणार आहोत ती केवळ वजाबाकी आहे. मात्र ती डोळ्यांना नीट दिसेल अशी काढणे वाटते तितके सोपे नाही.

त्यासाठी एक प्रयोग करून पाहू. आलेखवहीवर सुरुवातीला आडवा, मग एकदम उंच चढणारा आणि शेवटी पुन्हा आडवा होणारा एक वक्र काढा. त्याच्या प्रत्येक बिंदूपासून बरोबर २ सेंटिमीटर वर एकेक बिंदू घेऊन दुसरा वक्र काढा. दोहोंतील उभे अंतर सर्वत्र सारखेच आहे. तरीही चढाच्या भागात दोन्ही वक्र अगदी जवळ आल्यासारखे वाटतात. याचे कारण असे, की आपला डोळा उभे अंतर मोजत नाही. तो दोन रेषांमधील सर्वांत जवळचे, म्हणजे तिरके अंतर पाहतो.

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ साली आयात-निर्यातीचे आलेख अशाच दोन रेषांनी काढले होते. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली त्याच्या इंग्लंड व पूर्वेकडील देश यांच्या व्यापाराच्या आलेखातील फरक वेगळा काढून दाखवला. तेव्हा १७६० च्या आसपास त्या फरकात झालेला मोठा चढउतार स्पष्ट झाला. मूळ आलेखात तो सहज लक्षात येत नव्हता. यावरून नियम मिळतो तो असा : फरक दाखवायचा असेल, तर वजाबाकी वाचकाच्या डोळ्यावर सोपवू नये. फरकाचाच आलेख काढावा.

आता एका काल्पनिक शाळेचा सहामाही हिशेब घेऊ.

प्रयोगशाळा : अंदाज ४०,००० रु., प्रत्यक्ष ५२,००० रु.
ग्रंथालय : अंदाज ३०,००० रु., प्रत्यक्ष १८,००० रु.
वीज व पाणी : अंदाज ५०,००० रु., प्रत्यक्ष ५०,५०० रु.
देणग्या (जमा) : अंदाज १,००,००० रु., प्रत्यक्ष ९०,००० रु.

प्रथम चिन्हाचा नियम ठरवावा. खर्चाच्या बाबतीत अंदाजातून प्रत्यक्ष वजा करावे, जमेच्या बाबतीत प्रत्यक्षातून अंदाज. असे केले, की अधिक चिन्ह म्हणजे नेहमी अनुकूल आणि उणे म्हणजे प्रतिकूल. वरील चार तफावती अनुक्रमे उणे १२,०००, अधिक १२,०००, उणे ५०० आणि उणे १०,००० येतात.

मग कागदाचे दोन उभे भाग करावेत. डाव्या भागात प्रत्येक बाबीसाठी प्रत्यक्ष रकमेचा आडवा स्तंभ काढावा आणि अंदाजाच्या जागी एक छोटी उभी रेघ मारावी. अमेरिकेतील स्टीफन फ्यू यांच्या 'बुलेट ग्राफ'ची रचना साधारण अशीच आहे. उजव्या भागात मधोमध शून्याची उभी रेषा घेऊन अनुकूल तफावत उजवीकडे आणि प्रतिकूल तफावत डावीकडे काढावी. प्रत्येक स्तंभाशेजारी टक्केही लिहावेत : ३०, ४०, १ आणि १०. नुसते रुपये पाहिले तर पहिल्या दोन तफावती सारख्याच वाटतात. टक्के पाहिले तर ग्रंथालयाची अधिक गंभीर ठरते. लाल व हिरवा या रंगांतला भेद काही जणांना कळत नाही, म्हणून निळा व नारिंगी वापरावा किंवा एक स्तंभ भरीव व दुसरा रेघारेघांचा करावा.

या शाळेच्या खर्चाची नुसती बेरीज पाहिली, तर अंदाज १,२०,००० आणि प्रत्यक्ष १,२०,५००. कारभार चोख चालला आहे, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात पुस्तकांचे १२,००० रुपये खर्चच झालेले नाहीत, हे बाबवार आलेखातच दिसते. हिशेबाच्या भाषेत ही तफावत 'अनुकूल' आहे. मुलांच्या दृष्टीने ती अनुकूल आहे का, हे मात्र आलेख सांगत नाही. ते आपणच विचारायचे असते.

तुलना कशाशी केली, हेही आलेखावर लिहिलेले असावे. २०२०-२१ या वर्षासाठी केंद्र सरकारच्या वित्तीय तुटीचा मूळ अंदाज सुमारे ७.९६ लाख कोटी रुपयांचा होता. कोविडच्या साथीत महसूल घटला, खर्च वाढला आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुधारित अंदाज १८.४९ लाख कोटींवर गेला. प्रत्यक्ष तूट सुमारे १८.१८ लाख कोटी झाली. मूळ अंदाजाशी ताडून पाहिले, तर ती सुमारे १२८ टक्क्यांनी जास्त, आणि सुधारित अंदाजाशी ताडून पाहिले, तर दीड टक्क्याहून थोडी अधिक कमी! दोन्ही आकडे खरेच आहेत. पण सुधारित अंदाज वर्षाचे दहा महिने उलटल्यावर केलेला असतो, त्यामुळे तो प्रत्यक्षाच्या जवळ जाणारच. म्हणून डॅशबोर्डवर मूळ अंदाजाची खूण पुसून टाकू नये. तिच्या शेजारी सुधारित अंदाजाची वेगळी खूण करावी.

महिन्यामहिन्याचा आलेख काढताना वर्षाचा अंदाज सरळ १२ ने भागू नये. शाळेची बरीच खरेदी जूनच्या सुमारास होते. सरासरी धरली, तर जूनमध्ये विनाकारण धोक्याची खूण दिसेल आणि पुढे खरी उधळपट्टी झाली तरी ती लपून राहील. अंदाजपत्रक करतानाच ते महिनावार करून ठेवावे.

स्नेहसंमेलनाचा किंवा सहलीचा जमाखर्च घेऊन आठवी-नववीच्या मुलांना हा आलेख सहज काढता येईल. सर्वांत लांब स्तंभ कोणता आणि तो तेवढा का झाला, याचे उत्तर त्यांनी आलेखाखाली एका वाक्यात लिहावे.