वजनदार स्वाराचे चाक कसे असावे?

वजन शंभर किलोच्या पुढे गेले की घरचे सायकल चालवायला सांगतात. हौसेने रोड बाइक येते, मागच्या चाकाच्या तारा तुटू लागतात आणि सायकल गॅलरीत धूळ खाते. लागलेली चांगली सवय अशी मोडू नये, म्हणून चाक पारखून घ्यावे.

तार बहुधा एका धक्क्याने तुटत नाही. सैल तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिली-ताठ होत राहते आणि हबजवळच्या बाकात थकून तुटते. हलक्या चाकांत २० ते २४ तारा असतात. वजनदार स्वाराने मागे ३२ किंवा ३६, पुढे २८ किंवा ३२ घ्याव्यात, कारण जास्त भार मागेच पडतो. आठ जादा तारांचे वजन ५०-६० ग्रॅमच भरते. टोकांना २ आणि मधे १.८ मिमी जाडीच्या तारा हलक्याही असतात, टिकाऊही. फ्रेममध्ये मावत असेल तर टायर २८ ते ३२ मिमी रुंद घ्यावा.

वजनमर्यादा फक्त स्वाराची की सायकल-सामानासकट, हे दुकानदाराला विचारावे. काही आठवड्यांनी जाणत्या कारागिराकडून चाकाचा आउट काढून सर्व तारांचा ताण तपासून घ्यावा. महागड्या रिमपेक्षा हा ताणच चाकाला अधिक जपतो.